मृत्युपत्रात वार नसतो

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मी, भिकाजी कोंडू पडवळ, वय वर्षे ४९, धंदा चिक्की कारागीर, राहणार कुरवंडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे मन आज ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो का लागला, ते कलम एकमध्ये येईल.

१. दिनांक १२ डिसेंबर २०२४ रोजी मी लिहिलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करतो. त्यातही मी पूर्ण शुद्धीत असल्याचे लिहिले होते. ते खोटे होते. तो कागद मी वडगावला कचेरीबाहेर बसणारे टंकलेखक सरदारभाई यांच्याकडे नेला. 'घर व जमीन येत्या सोमवारपासून पत्नीच्या नावे' असे मी लिहिले होते. तिथे त्यांची बोटे थांबली.

"भाऊ, हितं 'माझ्या पश्चात' लिहितात. मृत्युपत्रात वार नसतो."

"असू द्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मशीनवर झाकण घातले. समोरच्या चहावाल्या अफसानाभाभींना म्हणाले, "भाभी, दोन चहा. आणि मी गाडी काढेपर्यंत या भाऊंना हलू देऊ नका." भाभी माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या दिवशी सरदारभाईंनी मला सरकारी दवाखान्यात नेले. तो सोमवार आला आणि गेला. मी आहे.

२. कुरवंडे येथील राहते घर माझ्या पश्चात पत्नी सौ. बबिता हिचे. तिच्यानंतर ते माझा पुतण्या प्रितम श्रीपती पडवळ याचे. आम्हाला मूलबाळ नाही. बबिताने वर्षभर माझ्या गोळ्यांबद्दल शेजारणींना "पित्ताच्या गोळ्या हायेत" असे सांगितले. माझा राग नाही. पण ही गोळी पित्ताची नव्हे, मनाच्या आजाराची आहे, हे आता तिने सांगावे.

३. नागफणीच्या वाटेवरची नऊ गुंठे जमीन आणि बँकेत जे असेल ते दोघांना निम्मे.

४. माझे लाटणे आणि चिक्की कापायची सुरी कारखान्यातला जो नवा कारागीर मागेल त्याला द्यावी. मुकादम लखन याला देऊ नये. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की कडक होतो आणि मोडताना टक् वाजतो, त्यावर आमचे काम चालते. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यापासून मला तो आवाज ऐकू येईना. कान चांगले होते. कढईपुढे उभा असूनही दोनदा पाक जळाला. लखन सगळ्यांसमोर म्हणाला, "काय भिकाजी, सासरची आठवण येतीया व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याने मला जेवढे थकवले, तेवढे तीस वर्षांच्या कामाने थकवले नाही.

दुःख म्हणावे तर कसलेच दुःख नव्हते. भैरवनाथापुढे दिवा रोज लावत होतो, पण हात जोडल्यावर मागायला काही सापडत नव्हते. देव रागावला असे वाटायचे. डॉक्टर म्हणाले, "हा आजार आहे, शिक्षा नाही." मी देवळात बसून त्या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. ते मला पटले. माझ्या पश्चात दिवा लावण्याचे काम बबिताकडे.

५. माझे भाऊ श्रीपती हे प्रितम तीन वर्षांचा असताना गेले. गावाने 'पाय घसरला' म्हटले. आम्हीही तेच म्हटले, आणि आजवर तेच म्हणत आलो. त्याआधी चार महिने भाऊ नीट जेवत नव्हते, फारसे बोलत नव्हते. आईने दोनदा अंगारा आणला. दवाखान्यात नेण्याचे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही. मी रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होतो. 'पाय घसरला' हे शब्द माझ्या पश्चात आमच्या घरात कोणी वापरू नयेत. श्रीपती पडवळ आजारी होते. त्यांना औषध मिळाले नाही.

६. तांदळाच्या डब्यामागे ठेवलेली माझी दवाखान्याची फाईल प्रितमची. बाकी सगळे माझ्या पश्चात द्यायचे, फाईल मात्र आजच दिली.

प्रितम नवलाख उंबरे गावच्या कंपनीत आहे, वय चोवीस. दिवाळीला आला तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. विचारले तर, "काय न्हाई काका, शिफ्टचा शीण." भाऊही शीणच म्हणायचे.

आज सकाळी दाखल्याचे निमित्त करून मी त्याला गाडीवर दवाखान्यात आणले आणि केसपेपर दोन काढले. त्याने दुसऱ्यावर आपले नाव वाचले.

"मला काय झालंय? मी काय येडा हाय?"

"मी हाय का?"

"तसं न्हाई काका. पुढच्या सोमवारी बघू."

मी खिशातून गेल्या वर्षीचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने बाकावर बसून वाचला. 'सोमवार'वर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

"बाबा पण?"

"व्हय. पाय न्हवता घसरला."

तो रडला नाही. मला वाटले, उठून जाईल. मी चुकलो असेन, एवढे ओझे एकदम द्यायचे नसेल. नाव पुकारले तेव्हा तो कागद मुठीत धरूनच आत गेला. आत काय बोलला ते मला ठाऊक नाही. पुष्कळ वेळाने बाहेर आला. गोळ्या मिळाल्या आहेत. डॉक्टरांनी फाईलवर १४४१६ हा मनाच्या आजारासाठीचा सरकारी फोन नंबर लिहून दिला आहे, कोणत्याही वेळी लावता येतो. तो मी इथेही लिहितो, कारण हा कागद पुढे कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही.

हे लिहिताना प्रितम भाभींच्या बाकावर बसला आहे. चहा गार झाला आहे. भाभी शेजारी आहेत. त्याने गोळ्या घेतल्या नाहीत तर काय, याचे कलम मला लिहिता येत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

भिकाजी कोंडू पडवळ (सही)

साक्षीदार:
१) सरदार, टंकलेखक, वडगाव मावळ (सही)
२) अफसाना, चहाचे दुकान, वडगाव मावळ (सही)

स्थळ: वडगाव मावळ
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५
वार: सोमवार. सरदारभाई नको म्हणत होते. मी लिहायला लावला.