ओढलेला हँडब्रेक

सोमवार, १४ मार्च १९९४. पनवेल

बाजारातल्या पार्किंगच्या फाटकावर पाटी आहे: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढू नका. गाड्या एकामागे एक दाटीनं लावतात आणि रखवालदार त्या ढकलून वाट करून देतो. ही पाटी मी कितीदा वाचली आहे. आज तरीही ब्रेक ओढला. सवयीनं? की लक्षच नव्हतं? मग चांगली तासभर चष्म्याच्या दुकानात बसले.

परतले तेव्हा माझ्या गाडीमागे एक टॅक्सी अडकलेली. टपावर दोरीनं बांधलेली पेटी.

रखवालदार म्हणाला, "बाय, बिरेक कशाला वडला? आमी चौघांनी ढकलली, नाय हलली. यांचं इमान हाय."

टॅक्सीतला तरुण मस्कतला निघाला होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता घड्याळ बघत होता. मी माफी मागितली, तर शेजारी बसलेली त्याची आई म्हणाली, "तुमचा काय कसूर? सुके बोंबील घ्यायला मीच थांबवलं त्याला. विमान चुकलं तर राहील चार दिवस घरी." आणि हसली.

"अम्मी, नोकरी जाईल," तो हळूच म्हणाला.

मी ब्रेक सोडला. गाडी लगेच हलली. एवढंच करायचं होतं.

त्याला विमान मिळावं, असं संध्याकाळपासून मनात म्हणते आहे. पण म्हातारीचं ते हसू आठवतं, आणि प्रार्थना अर्ध्यावर थांबते.