न वाळणारी फांदी

४ मार्च
आले एकदाची. खोली झकास आहे: दोन खिडक्या, कोपऱ्यात बेसिन, आणि पाणी सोडण्याआधी घसा खाकरणारा नळ. घरमालकीण काकू खाली राहतात. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं लग्न, पगार आणि वजन, तिन्हींची चौकशी केली.
हर्बेरियम म्हणजे लोखंडी कपाटांनी भरलेल्या दोन खोल्या. कपाटांत वाळवून कागदावर चिकटवलेली हजारो झाडं, आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. तिथल्या प्रमुखांना सगळे सर म्हणतात. त्यांचा एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर असतो, आणि शोध तिसऱ्याचाच चालू असतो. आई फोनवर म्हणाली, एवढं शिकलीस ती पालापाचोळा गोळा करायला का? मी हो म्हटलं.
काम मोठं आहे. गावाबाहेरचं जंगल तोडून तिथून रस्ता न्यायचं घाटतंय. त्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत एक बुटकं झाड वाढतं, इथलंच, दुसरीकडे कुठेही नाही. ते तिथे आहे हे सिद्ध झालं तर तोड थांबेल. तोडीची परवानगी देणाऱ्या समितीला फोटो चालत नाही. फुलासकट वाळवलेला नमुना हवा, एकवीस तारखेपर्यंत.

६ मार्च
सापडलं! माझ्या डोक्याच्या जरा वर, खरखरीत पानांचं, बाकीच्या झाडांमागे तोंड लपवून उभं. बुटकी झाडं बरीच होती, पण फुललेलं हे एकच, आणि त्यालाही फुलांची फांदी एकच. सरांनी बजावलं होतं की फुललेली फांदी एकच असेल तर हात लावायचा नाही, पुढच्या वर्षी यायचं. आमच्या धंद्याचा तो पहिला नियम आहे. पण पुढच्या वर्षी जंगल कुठे असणार? मी कापली.
घरी येऊन प्रेसमध्ये घातली. खाली-वर लाकडी जाळ्या, मध्ये टीपकागद, त्यात फांदी. एक पान उलटं ठेवलं, म्हणजे पाठ दिसते. मग गुडघा रोवून पट्टे आवळले. जिना चढून आल्यासारखा दम लागला. व्यायाम नाही, दुसरं काय.

८ मार्च
टीपकागद रोज बदलायचे असतात. आजचे ओलेचिंब निघाले. सर म्हणाले, सुरुवातीला होतं असं. मला मात्र सारखी तहान लागतेय. काकूंनी भरून दिलेला तांब्या दुपारच्या आत दोनदा संपला.

११ मार्च
कागद पिळले तर मगभर पाणी निघालं. वीतभर फांदीत एवढं पाणी कुठून आलं? आणि ती अजून टवटवीत, आत्ता तोडल्यासारखी. माझे ओठ फुटलेत. काकू म्हणाल्या, अगदी पाप्याचं पितर दिसायला लागलीस. इथलं पाणी मानवत नसेल, असं मी सांगितलं.

१३ मार्च
विज्ञान शिकले आहे, तेव्हा तपासून पाहिलं. पट्टे सैल केले की छाती मोकळी होते आणि फांदी फुगते. आवळले की माझ्या बरगड्या आवळतात आणि कागद ओले होतात. तीनदा केलं, तीनदा तेच.
म्हणजे ते पाणी माझं आहे.
भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मग संताप आला. फांदीसमोर बसून चांगली खडसावली तिला. अगं बये, तुलाच वाचवायला आलेय ना मी? मग माझ्याच जिवावर का उठलीस? बाबा म्हणायचे, हिचा सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. त्या झाडाला अजून माझा पीळ माहीत नाही.
पट्टे आवळले.

१५ मार्च
प्रेस घेऊन सरांकडे गेले, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, याचंच जास्त भय वाटलं. माझ्या हाताची कातडी त्यांनी चिमटीत धरली, सोडली. घडी तशीच राहिली. म्हणाले, आत्ताच्या आत्ता प्रेस उघड, फांदी झाडाखाली ठेवून ये, जंगल गेलं तर गेलं. मी म्हटलं, तुमचं गेलं असेल, माझं नाही. प्रेस काखोटीला मारून घरी आले.

१७ मार्च
घाम येत नाही. रडू येतं, पण पाणी येत नाही. काकूंनी डॉक्टर आणला, त्याला शीर सापडेना. आई ये म्हणतेय. एकवीसला येते म्हटलं.
आज कागद जरा कमी ओले. फांदीच्या कडेचं एक पान कोमेजलंय. कोमेजलंय!

१८ मार्च
रात्रीत पट्टे कुणीतरी— कुणीतरी कसलं, तिनेच. आतून फुगून एक बक्कल तोडलं. दोरीने बांधलं. गुडघ्यात जोर नाही, म्हणून प्रेसवर बसले. बरगडीत काहीतरी कट्कन— असू दे.
वाळशील. मी असेपर्यंत वाळशील.

१९ मार्च
पेन धरताना बोटं कुरकुरतात. उजवा हात उताणा पडलाय, तळवा वर. पालथा होत नाही. डाव्याने लिहितेय.
खिडकीतून वारा आला की मी— हलते. खिडकी लावून घेतली.

२० मार्च
वाळली. फुलासकट. पानांचा आवाज कागदासारखा. रंगही राहिलाय. चिकटवली, खाली जंगलाचं नाव घातलं. आता कोण तोडतंय बघू.
तहान नाही. दुखत नाही. सपाट वाटतंय.
दार उघडंच ठेवलंय. सरांना कळवलंय, सकाळी नमुना न्यायला—
सर, टेबलावर आहे तो तिचा. समितीला तो द्या.
अंथरुणावर मी. उचलताना दोन्ही हात खालून घाला, वाकवू नका, कडा लगेच—