पाचव्या रिळाचं झाकण

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या जपानी दिग्दर्शकावरचा माझा राग गेलेला नाही. सेलूच्या टॉकीजमध्ये रविवारी दुपारी तुम्ही आम्हा कॉलेजच्या मुलामुलींना परदेशी सिनेमे दाखवायचात. त्या दिग्दर्शकाची सगळी कारकीर्द तुम्हाला पाठ होती. सरकारला झोंबणारा म्हणून स्टुडिओने त्याचा सिनेमा थिएटरांतून उतरवला, तर त्याने नोकरीवर लाथ मारली, स्वतःची कंपनी काढली, मग कोर्टाची पायरी चढला. हे सगळं तुम्ही घरातल्या वांड भावाबद्दल बोलावं तसं सांगायचात.

त्या रविवारी त्याचा नवा सिनेमा रेल्वेने आला. रिळांच्या डब्यांची धूळ तुम्ही मला पुसायला लावलीत. मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागायचे. एका रिळात घरातली बाई मरते, तिला जाळून सगळे परततात. दिवे लागतात, जातात, आणि तीच बाई स्वयंपाकघरात मुळा चिरत बसली आहे. कुणी शिट्टीसुद्धा मारत नाही. मागची मुलगी पुटपुटते, "हिला तर जाळलं की गं. मंग ही कोण हाय?"

तुमच्या पत्नीला, आमच्या काकूंना, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाहेर येताना तुमचा चेहरा पाहवत नव्हता. "आजवर सरकारला डिवचत होता," तुम्ही म्हणालात, "आता मरणालाच डिवचलं की गं यानं." त्यावर तुम्ही लेख लिहिलात, तो छापूनही आला. पुढे एकदा तुमच्या घरी मी चुलीजवळच्या पाटावर बसायला गेले, तर तुम्ही हात धरलात. "तिथं नको. ही येती दुपारची. बोलत न्हाई, भाजी निवडती नुसती." सुपात मेथी निवडलेली होती. तुम्ही जन्मात कधी भाजीला हात लावला नव्हता.

सर, खेळ संपल्यावर रिळं भरताना मी फितीवरचे आकडे पाहिले होते. पुसताना माझ्याच हातून पाचव्याचं झाकण सहाव्यावर बसलं होतं, म्हणून सहावं रीळ आधी लागलं. बाई आधी मुळा चिरते, मग मरते, एवढंच. मी गप्प राहिले. आधी तुम्ही रागवाल म्हणून, मग लेख छापून आला म्हणून, आणि नंतर ते सूप पाहिलं म्हणून.

परवा तो सिनेमा बरोबर क्रमाने पाहिला. बाई मेली ती मेलीच. मला तो साफ खोटा वाटला.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. असता तरी मी ते टाकलं नसतं. दुपारच्या टपालाने आलं असतं, तर काकूंनीच आधी उघडलं असतं.