राखणदारापुढचं गाऱ्हाणं

आप्पा, तो जनावरं पकडायचा खेळ मी परत खेळायला घेतलाय. हसा खुशाल. मलाही हसू येतं, पण करू काय? क्लासमधून घरी आलं की टीव्ही नको वाटतो, कुणाचा फोन नको वाटतो, पाय वर घेऊन पडले तरी डोकं काही पडून राहत नाही. कपाट आवरताना जुन्या डब्यात त्याची सीडी सापडली. आताच्या कॉम्प्युटरवर मेली चालणार नाही असं वाटलं, तरी लावून पाहिली, तर चालली. तेच किरकिरं गाणं, तेच हिरवं गवत, आणि गवतात पाऊल टाकलं की अंगावर येणारी तीच विचित्र जनावरं. वाटलं, हे तुम्हाला सांगावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही नवलाचं झालं की अजून पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

रत्नागिरीत, मांडवीच्या त्या दोन खोल्यांत मी तुम्हाला आणलं तेव्हा लकव्याने तुमचं उजवं अंग गेलं होतं आणि तोंडात एकच शब्द उरला होता, 'बरं'. चहा दिला की बरं, पाठ दुखली की बरं, मी ओरडले की बरं, आणि माझ्यावर ओरडायचं झालं तरी बरंच. देवरुखच्या वर, आपल्या गावात, देवळासमोर सगळ्या वाड्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. तुम्ही हात जोडून देवाकडे मागायला लागलात की पार खालच्या वहाळापर्यंत आवाज जायचा. एरवीही तोंडाला खीळ म्हणून नव्हती. आई होती तोवर म्हणायची, "ह्यांना आवरा गो कुणीतरी, एसटी जाईल." त्या माणसाची ही दशा. डॉक्टर म्हणाले, शब्द येतीलही, न येतीलही, डोकं गुंतवून ठेवा. मला हात नको होता, पाय नको होता. तुमच्या तोंडून एक अख्खं वाक्य ऐकायचं होतं, शिवी असती तरी चाललं असतं. भाऊ मुंबईहून फोनवर रोज तेच विचारायचा, "बोलले काय गो?" आणि मी रोज नाही म्हणायचे.

तेव्हा रत्नागिरीत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि मी त्यातल्याच एकात शिकवत होते. क्लासने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी रिक्षात घालून घरी आणला, आणि एका विद्यार्थिनीने हा खेळ दिला. मूळ खेळ परदेशी कंपनीचा, गाजलेला. हा मात्र त्याच्या वेड्या चाहत्यांनी आपापल्या घरी बसून फुकट, हौसेखातर बनवलेला. त्यामुळे त्यात कुठे भिंतीतून आरपार चालत जाता यायचं, कुठे घराला दारच नसायचं. तुम्ही डाव्या हाताने बटणं दाबायचात, इंग्रजी मी वाचून दाखवायचे. सुरुवातीला तीन जनावरांतून एक निवडायचं होतं, आगीचं, पाण्याचं आणि पाल्याचं. तुम्ही पाल्याचं घेतलंत, सगळ्यांत कुरूप, आणि त्याला घेऊन गावोगाव हिंडायला लागलात. जनावर दिसलं की त्याच्याशी झुंजायचं, ते दमलं की फास टाकून आपलं करायचं. दमण्याआधी फास टाकलात तर ते निसटायचं, मग तुमचं ते चिडकं 'बरं'. त्या खेळातल्या माणसांना एकेकच वाक्य येत असे, कितीदाही विचारा, तेच. मी म्हटलं, "आप्पा, हे तुमचे भाऊबंद बघा." तुम्ही इतके हसलात की तोंडातला चहा अंगावर सांडला, आणि सदरा परत मलाच धुवावा लागला.

आणि मी दमले होते हो. सकाळी तुम्हाला उठवणं, अंघोळ, पेज, मग क्लास, दुपारी धावत येऊन तुमचं जेवण, परत क्लास, संध्याकाळी परत सगळं. बरोबरीच्या मुलींची लग्नं होऊन त्यांची मुलं शाळेत जायला लागली होती. स्थळं यायची, तुमची खाट बघायची आणि पोहे खाऊन जायची. मी कधी बोलले नाही. भांडी जरा जोरात आपटायचे, एवढंच.

तो रविवार होता, दुपारची वेळ. शेवटच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, झऱ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली, एक प्रचंड जनावर वाट अडवून झोपलं होतं. त्याला झुंजून हरवायचं आणि पुढे जायचं, खेळणारा कुणीही तेच करतो. तुम्ही बटणांवरून हात काढलात. मला वाटलं दुखतोय, म्हणून मीच झुंजीचं बटण दाबायला गेले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. डाव्या हातात एवढा जोर आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही झाडाकडे बोट केलंत, झऱ्याकडे केलंत, मग हात कपाळाला लावलात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या बागेच्या वरच्या अंगाला, पाण्याजवळ, त्या जागेचा राखणदार आहे ना, जमिनीचा खरा मालक, ज्याला वर्षातून एकदा त्याचा मान दिल्याशिवाय तुम्ही आंब्याला हात लावू द्यायचा नाहीत. तुम्हाला हा तोच दिसत होता. मी म्हटलं, "आप्पा, हा खेळ आहे. कुणीतरी पोरांनी काढलेलं चित्र आहे ते." तुम्ही मान हलवलीत आणि स्वयंपाकघराकडे बोट केलंत. बांगड्याच्या कालवणासाठी आणलेला नारळ तिथे होता. मी वैतागून तो आणून कॉम्प्युटरपुढे आपटला. म्हटलं, घ्या, आता कालवण आमसुलाच्या पाण्यात करते.

तुम्ही डावा हात छातीशी धरलात आणि बोललात. "बा देवा महाराजा! ह्या वाटेवर बसलेल्या राखणदारा! आज हा नारल तुज्या पायाशी ठेवलाय, तो मान्य करून घे रे महाराजा!" तोच आवाज, थोडा चिरका, पण तोच. गाऱ्हाण्याला एकट्याने मागून भागत नाही. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणून ते उचलून धरायचं, नाहीतर मागणं पोचत नाही. आपल्याकडे ते पुरुषांनी म्हणायचं, पण त्या खोलीत दुसरं होतं कोण? मी म्हटलं, "होय महाराजा." तुम्ही पुढे गेलात. "लेकरांचं काय चुकलं-माकलं आसंल तं पदरात घे रे महाराजा! त्यांची वाट आडवू नको रे महाराजा!" मी रडत होते आणि होय महाराजा म्हणत होते. खाली कुणीतरी स्कूटर लावत होतं, त्याने वर बघितलं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि त्याच सुरात म्हणालात, "ही माजी पोर दमली हाय रे महाराजा. माज्यापायी आडकून पडलेय. तिला आता मोकली कर रे महाराजा!"

मी म्हटलं, "होय महाराजा."

मग तुम्ही खुणेने सांगितलंत, दाब. मी बटण दाबलं, जरा झुंज झाली आणि ते जनावर एकदम नाहीसं झालं. उठून चालत जायचं चित्र काढायचा त्या पोरांनी कंटाळा केला असावा. पलीकडे गाव नव्हतंच. नुसतं हिरवं रान आणि एक पाटी, की बाकीचं अजून बनवायचं आहे. तुम्ही पाटीकडे बघून म्हणालात, "बरं." त्यानंतर तेवढंच. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं असं सुरात कधीकधी येतं, त्यावर फार आशा ठेवू नका. पण ते शेवटचं पाठ नव्हतं, आप्पा. ते तुम्ही नवं रचलं होतंत, आणि हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. राखणदाराच्या अलीकडून खेळ परत सुरू करता यायचा. मी कितीदा तुम्हाला तिथे आणून बसवलं, नारळ ठेवले, अगदी वेड्यासारखं. तुम्ही मान फिरवायचात. एकदा मागून झालं होतं तुमचं. पुढच्या आंब्याच्या हंगामाआधीच तुम्ही गेलात.

परवा मी त्या झाडापर्यंत पोचले. जनावर तसंच झोपलंय. मला पुढे काही जायचं नाही, पलीकडे काय आहे ते ठाऊक आहे. हे लिहिलेलं मी भावाला दाखवणार नाही. त्या दुपारी तुम्ही काय बोललात हे त्याने विचारलं, तेव्हा मी पहिलं तेवढं सांगितलं आणि शेवटचं गाळलं. माझ्या मनाला इतकी वर्षं सांगत आले की त्या शेवटच्या मागण्यालाही 'होय महाराजा' माझ्या तोंडून ओघातच गेलं, गाऱ्हाण्यात जातंच. तसं नव्हतं, आप्पा. आधीचे सगळे होकार ओघात गेले. तो एक मी मनापासून म्हटला, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडेच बघत होतात.