गुलाबाच्या जागी कोरांटी

माय, तुला जाऊन कैक वर्षं झाली; या कार्तिकात माझं अंगण पाहायला तू हवी होतीस, असं काही मी म्हणणार नाही. आली असतीस तर आधी बसायला पाट मागितला असतास आणि मग एकेका झाडाची खोट काढली असतीस. पण अंगण झालंय मात्र झकास. कुंपणाला कोरांटी पिवळीधम्मक फुलली आहे, मोरीच्या सांडपाण्यावर अबोली, भिंतीशी तगर. कण्हेर विषारी, म्हणून मुद्दाम लावली नाही. घरात पोर येणार होतं आणि रांगती पोरं दिसेल ते तोंडात घालतात.

ही निवड तुझीच. साखरखेर्ड्याचं परस, मी आठ वर्षांची. कोरांटीच्या फांद्या नुकत्या रोवलेल्या, आणि मी माया म्हणून रोज दोन-दोन तांबे ओतते आहे. मुळं कुजली. तू चुलीपुढून फुंकणी घेऊनच बाहेर आलीस. "काऊन वं, झाडाले बुडवून मारतं काय? मिरगात लाव, महिनाभर पाह्य, मंग त्याच्या नादी लागू नोको!" फुंकणी पाठीत बसली, पण शिकवणही तिथंच बसली.

आता माझा लेक मेहकरच्या कचेरीत कारकून आहे. मागच्या हिवाळ्यात त्यानं बुलढाण्याच्या कोण्या साहेबाच्या माळ्याकडून सहा विलायती गुलाब आणले. सून हरखली, नवऱ्यानं आणलेले ना! फाल्गुनात विहीर खाली गेली, आणि ही पाच महिन्यांची पोटुशी बाई रोज सहा घागरी ओढून त्या गुलाबांना पाजते.

"उपटून टाक ते," मी म्हटलं. "मिरगात कोरांटी लावू."

"काट्याचं झाड अंगणात लावता काय, आत्याबाई?" सून मला, सासूला, आत्याबाईच म्हणते.

"मंग तुह्या गुलाबाले काय लोणी लागलं हाय?"

हसली, पण घागर सोडली नाही. दुपारी कंबर धरून बसायची. मला एकच धास्ती: बाळंत होऊन आली की कच्च्या अंगानं पुन्हा विहिरीवर उभी राहणार. वैशाखात, सातव्या महिन्यात, माहेरी निघाली. गाडीत बसतानाही तेच. "आत्याबाई, माह्या गुलाबाले पाणी..."

"हाव हाव, जाय तू."

गुलाब वाळले. मिरगाला मी कोरांटी, अबोली, तगर लावली, महिनाभर पाहिलं आणि नाद सोडला.

गेल्या आठवड्यात सून आली. पोरगी खांद्याशी धरून उतरली आणि फाटकातच थबकली. मी तिच्या पायावर पाणी घालायचं विसरून नुसती तिच्या तोंडाकडे पाहत उभी.

"आत्याबाई, हे कवा लावलं? पाणी कोण घालते?"

"कोणीच नाही."

अशी हसत सुटली की पोरगीही दचकून हसायला लागली. अबोली खुडून तिनं अंबाड्यात खोवली, कोरांटीचं एक फूल पोरीच्या मुठीत दिलं, ते लगेच तोंडाकडे गेलं. मग वाकून माझ्या पाया पडली. "बिचाऱ्या गुलाबांपायी तुम्ही लय घागरी ओढल्या असान. उन्हापुढं कोणाचं चालते?"

मी आशीर्वाद दिला आणि पोरीच्या मुठीतलं फूल काढून घेतलं. तुलाच सांगते, माय: गुलाबांना एक घागर घातली नाही मी. सून शिकलेली आहे, कागद दिसला की वाचतेच. नातीच्या आंघोळीचं पाणी तापवायचं आहे. लिहिलेला हा कागद त्याच चुलीत सारते.