आत राखण हाय

प्रिय आण्णा,

पेंढ्याची गंजी ढासळली आणि तिच्यामागून एक गोल दिवा माझ्याकडं बघायला लागला, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. त्याआधी मी कॉलेज अर्धवट सोडलेला, कामशेतच्या गॅरेजात हात काळे करणारा, सायलीसाठी वेडा झालेला तुमचा पुतण्या होतो. अजूनही तोच आहे. फक्त आता अडकलोय.

तो दिवा ज्या गाडीचा, तिच्यातच बसून मी हे पत्र लिहितोय. कागद म्हणून गॅरेजच्या बिलांची मागची बाजू. आधी सवयीनं उजवीकडून शिरलो, तर समोर स्टेअरिंगच नाही. ते डावीकडं. तुम्ही बघितलं असतंत तर हसून म्हणाला असतात, "ह्यो म्हनं मेकॅनिक."

गोठ्याचं दार मी आतून लोटून घेतलंय. बाहेर ओट्यावर माणसं बसलीत. आई-दादा, कान्ह्याहून आलेले सायलीचे वडील (त्यांना सगळे भाऊ म्हणतात), तिची आई, आणि सायली. मी आत राखणीला, जागा राखणाऱ्या देवतेला, कौल विचारायला आलोय असं त्यांना वाटतंय. आत कोण आहे विचारायला? तुम्हीच एक होतात आत येणारे. म्हणून तुम्हाला लिहितोय.

तुमचं तेरावं उरकलं आणि दादांनी विषय काढला, गोठा पाडून दोन खोल्या बांधू, सुळक्यावर चढायला येणारे पर्यटक उतरतील. आईनं हातातला तवा खाली ठेवला. म्हणाली, "आत राखण हाय. आण्णा गेले म्हून ती गेली का?" मला कशाचाही राग यायला वेळ लागत नाही, तुम्हाला माहीत आहे. कसली राखण, दाखवतोच, म्हणून भरदुपारी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं कुलूप तोडलं आणि एकटाच पेंढा ओढायला लागलो.

मग तो दिवा.

पोती बाजूला केली. बुटकी, दोन दारांची, पांढरी गाडी. चाकांवर रुंद मडगार्ड बसवलेले, खाली लाकडी ठोकळे, सीटवर वाळलेला कडुनिंबाचा पाला. पुढच्या पट्टीवर उलटी अक्षरं. आधी वाटलं रंगवणाऱ्यानं चूक केलीय. मग उलगडलं, ती आपल्यासाठी नाहीतच. पुढं चाललेल्या गाडीवाल्यानं आरशात बघायचं, 'टर्बो' वाचायचं आणि मुकाट बाजूला व्हायचं. केवढा माज!

कॉलेजात जे थोडं डोक्यात राहिलं त्यात टर्बो होता. इंजिनचा वाया जाणारा धूर वापरूनच पंखा फिरवायचा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. बाकीचे तास मी बेगडेवाडी स्टेशनावर सायलीची लोकल बघत काढले, पण त्या तासाला बसलो होतो. बॉनेट उघडलं. सगळं जागेवर, तेल लावून पुसलेलं. गंजाचा एक ठिपका नाही.

आण्णा, मी तिथं खाली पेंढ्यावर बसलो. मी लहान होतो तेव्हा तुम्ही सांगायचात, लोणावळ्याच्या ज्या साहेबांकडं तुम्ही ड्रायव्हर होतात त्यांची एक गाडी होती, घाटात पाय दाबला की लगेच पळायची नाही, जरा दम घ्यायची आणि मग पाठीत लाथ घातल्यासारखी सुटायची. मी म्हणायचो, आण्णा, थापा मारता. तुम्ही नुसते बिडी ओढायचात. ती थाप आपल्या घरामागं उभी होती. सांगितलं का नाही मला? मी गाड्यांमागंच वाया चाललेला पोरगा होतो ना तुमच्यासमोर?

आईला गाडीचं बोललो नाही. एवढंच विचारलं, राखण आहे हे पहिल्यांदा कोण म्हणालं? ती म्हणाली, "आन् कोन? आण्णाच. मी नवी सून. दाराला कुलूप बघून इचारलं, आत काय हाय? तर म्हनले, दुसऱ्याची राखण हाय, हात लावायचा न्हाई. मी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले."

दुसऱ्याची राखण. साहेब बाईसाहेबांच्या मरणानंतर परदेशी गेले, जाताना म्हणाले असतील, मी येईपर्यंत हिची राखण कर. तुम्ही तेच शब्द जसेच्या तसे घरी आणलेत. आईनं त्यातला 'दुसऱ्याची' सोडला आणि उरलेल्याला नमस्कार केला. पहिला नारळ फुटला तेव्हाच का नाही सांगितलंत, अगं बाई, गाडी आहे? का सांगायला गेलात आणि तोवर शेंदूर लागला होता? मला कळतं आण्णा. नारळ फोडणाऱ्या बाईला कोण सांगणार, तू डिकीसमोर फोडलास म्हणून.

मग लोकांनी वर्गणी काढून दारासमोर ओटा बांधला. चांगला दगडी, गुडघ्याएवढा उंच. त्या दिवसापासून गाडी आत कोंडली गेली. तुम्ही बांधताना दगड उचलून देत होतात असं दादा सांगतात. तेव्हा काय चाललं होतं तुमच्या डोक्यात? साहेब आलेच असते तर काय सांगणार होतात?

साहेबांचा शोध मी घेतला, तेवढं श्रेय द्या. बंगल्याच्या जागी आता हॉटेल आहे. गेटवरच्याला नाव सांगितलं तर तो म्हणाला, "बुकिंग कुणाच्या नावानं आहे?" आत जाऊन मॅनेजरला विचारलं. हॉटेलनं जागा चौथ्या मालकाकडून घेतली होती. साहेबांच्या घरचं कुणीच उरलेलं दिसत नाही.

सायलीचं सांगतो आता, कारण फास तिथंच आवळलाय. तिच्या आईचं माहेर आपल्याच आळीतलं. मूल होत नव्हतं म्हणून त्या माहेरी येऊन राखणीला नवस बोलल्या. सायली झाली. बाराव्या दिवशी तिला ओट्यावर आणली, तुम्ही आतून बाहेर आलात आणि बाळाच्या कपाळाला काळा अंगारा लावलात. ही गोष्ट सायलीनंच मला किती अभिमानानं सांगितलीय. "तुमच्या राखणीची पोरगी आहे मी, जपून बोल." आता मला आत तेलाचा डबा आणि ग्रीसची फडकी दिसतायत. आण्णा, तुम्ही अंगारा लावलात, का हात पुसायचे राहिले होते?

हसू येतं, मग सायली आठवते. हे तिला सांगितलं तर ती माझ्याकडं कशी बघेल?

तिचे वडील माझ्यावर खूश नाहीत. साधी गोष्ट आहे. डिग्री नाही, गॅरेज दुसऱ्याचं, सरांशी भांडून कॉलेजातून बाहेर पडलेलो. तिकडं चाकणच्या कंपनीतल्या एका मुलाचं स्थळ आलंय. मी म्हणालो, पळून जाऊ. सायली म्हणाली, "मी काय चोरीचा माल आहे? दारातून न्यायचं असेल तर ये, नाहीतर गॅरेजातच लग्न लाव जॅकशी."

म्हणून मी गाडीचे फोटो पुण्याच्या एका जुन्या गाड्या घेणाऱ्याला पाठवले. तो आला. आईला सांगितलं, कडब्याचा व्यापारी आहे. तिनं त्याला चहा दिला आणि भाव विचारला, त्यानं तोंडाला येईल तो सांगितला. मग गाडीपाशी आला. बराच वेळ नुसता हात फिरवत होता. मग दारातून बाहेर ओट्याकडं बघून म्हणाला, "अख्खी नाही निघत. हे फोडावं लागेल." मी म्हणालो, ते फोडता येणार नाही. तो म्हणाला, "मग कापून नेऊ. इंजिन आणि टर्बो आधी. कागदांचं तू टेन्शन घेऊ नको." माझं स्वतःचं गॅरेज झालं असतं त्यात. मी नाही म्हणालो नाही. तो आत्ता मेसेज करतोय, उद्या कटर घेऊन येऊ का. फोन तिसऱ्यांदा थरथरला.

आणि आज भाऊ आले. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. दादांना म्हणाले, "पोरगी राखणीची हाय. तिचा निवाडा तितंच व्हायचा. आण्णा असते तर त्येंनी इचारलं असतं. आता घरचा ह्यो." मग माझ्याकडं वळले. "तू आत जा. राखणीला इचार. बाहेर येऊन काय ते सांग. व्हय म्हनलास तर पोरगी तुझी, न्हाई म्हनलास तर पुन्यांदा नाव काडायचं न्हाई. तितं कुनी खोटं बोलत न्हाई."

सायलीची आई हात जोडून बसल्या. आईनं माझ्या हातात नारळ दिला. मी दारात शिरताना सायली हळूच म्हणाली, "राखण नको म्हणाली ना, तर बस तिथंच तिला घेऊन."

म्हणजे बघा आण्णा. ज्यासाठी मी दोन वर्षं जीव टाकतोय ते एका शब्दावर आलंय, आणि तो शब्द मीच उच्चारायचाय. आतून बाहेर जाऊन "व्हय" म्हणायचं. संपलं. कुणी तपासणार नाही. तरी मी इथं स्टेअरिंग धरून बसलोय.

कारण एकदा ते म्हणालो की मी राखणीचा झालो. मग पुढच्या अमावास्येला कुणीतरी आजारी पोर घेऊन येईल आणि भाऊच म्हणतील, जावई, आत जाऊन विचारा. मग मी येऊन या सीटवर बसायचं, थोडा वेळ काढायचा आणि काहीतरी सांगायचं. तुम्ही निदान कधी कुणाला उत्तर दिलं नाहीत. आईला विचारलंय मी. ती म्हणाली, "आण्णा आत जायचे, बाहेर यायचे, बोलायचे काय बी न्हाई. लोकं आपापलं समजून घ्यायचे." तुम्ही फक्त गप्प राहिलात. मला तर आज बोलायला लावलंय.

आणि "नाही, आत राखण-बिखण काही नाही, या, बघा, गाडी आहे" असं दार उघडून दाखवलं तर? पहिल्यांदा तोच विचार आला, माझा स्वभावच तो. पण सायलीच्या आईचे जोडलेले हात फटीतून दिसतायत. इतकी वर्षं ती माहेरी आली की आधी इथं येते, मग भावाच्या घरी जाते. तिच्यासमोर हे दार उघडायचं? आणि तुम्हाला मेल्यावर सगळ्या गावासमोर खोटारडं ठरवायचं?

हो म्हणालो तर फसवणूक, दाखवलं तर सगळ्यांचं वाटोळं, आणि काहीच बोललो नाही तर सायली चाकणला. कौलांच्या फटीतून ऊन येतंय, काचेवर पडतंय. गरम होतंय इथं. या गाडीनं इतकी वर्षं आत कशी काढली असतील?

"झालं का रं?" भाऊंनी हाक मारली. दादा म्हणाले, "आसू द्या. येळ लागतो."

व्यापाऱ्याला आत्ताच लिहिलं, येऊ नका. त्यानं लगेच विचारलं, दुसरा कुणी जास्त देतोय का? फोन बंद करून टाकला. ते कापायचं माझ्याच्यानं होणार नाही. बॉनेटखाली तुम्ही जे पुसून ठेवलंय त्यावर कटर चालवणाऱ्याला मी मारलं असतं, हे मला तो गेल्यावर कळलं. गॅरेज मिळालं असतं आणि रोज सकाळी शटर उघडताना तो आवाज ऐकू आला असता.

मग मी बाहेर जाऊन काय सांगणार? ठरवलंय. आतून उत्तर आलं नाही, असं सांगणार. हे खरं आहे, मी विचारलं होतं, शप्पथ. नारळ मांडीवर ठेवून, मोठ्यानं विचारलं, सायली देता का? कुणी बोललं नाही. तेच भाऊंना सांगीन. आणि म्हणीन, भाऊ, राखणीच्या तोंडून मागायची माझी इच्छा नाही. मी माझ्या तोंडानं मागतो. डिग्री नाही, गॅरेज दुसऱ्याचं आहे, डोकं गरम आहे, पण सायली मला पाहिजे. आणि ती इथं बसलीय, तुम्ही राखणीला विचारलंत, मला पाठवलंत, तिला अजून कुणी विचारलेलं नाही. तिला विचारा.

भाऊ उठून जाऊ शकतात. "राखण गप ऱ्हायली म्हंजे न्हाईच की," असंही म्हणतील. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच असेल. सायली काय म्हणेल तेही मला माहीत नाही. ती सगळ्यांसमोर माझ्याबद्दल बोलेल, की मान खाली घालेल? दोन वर्षांत हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी धरूनच चाललो होतो.

आण्णा, तुम्हाला शब्द देतो. ही गाडी कापली जाणार नाही. आत काय आहे हे माझ्या तोंडून गावाला कळणार नाही, आणि राखणीच्या नावावर मी स्वतःसाठी काही घेणार नाही. साहेबांचं कुणी कधी आलंच तर ओट्याचा एकेक दगड मी हातानं काढीन. सायली हो म्हणाली तर लग्नाआधी तिला इथं आणून सगळं दाखवीन, अंगाऱ्यासकट. मग तिनं पान्यानं मारलं तरी चालेल. ती नाही म्हणाली, तर यातलं काही तिला सांगायचा हक्क मला नाही.

भाऊ परत हाक मारतायत. हा कागद घडी करून खिशात ठेवतो. नारळ फोडत नाही, जसाच्या तसा आईच्या हातात देतो. आता बाहेर पडतो आणि माझ्यामागं दार लावून घेतो.

तुमचाच,
अक्षय