पावसाळी कप्प्यातली जलरोधक बिस्किटं

वेलचेरी, चेन्नई
मंगळवार, संध्याकाळ

ती. शशिकलाआत्याच्या पायांशी (ऑपरेशन झालेला गुडघा वगळून, उरलेल्या पायाशी) अनयचा वाकून नमस्कार. मांडी घालता येते का आता? काकांचा खोकला, तुझं बीपी आणि गच्चीवरचा कढीपत्ता, तिघांची खुशाली कळव. मी इथे सुखरूप आहे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आहे. वेलचेरीत दर पावसात पाणी भरतं, म्हणून इथे सुखरूपपणा मजल्यावरून मोजतात. पत्र पाहून तुला नवल वाटेल, पण फोन तू उचलत नाहीस. आईचा उचलतेस, गॅसवाल्याचा उचलतेस, विमा विकणाऱ्या मुलीशी तर वीस मिनिटं बोललीस असं आई सांगत होती. माझा तेवढा दोन वर्षं वाजून वाजून गप्प होतो.

कारण मला माहीत आहे. तुझ्या वाचनालयात कॉम्प्युटर आला त्या समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावलं (तूच बोलावलंस, हे जास्त वाईट) आणि मी माईकवर सांगितलं की आता ही पुस्तकांच्या सूचीची कार्डं रद्दीत घालायला हरकत नाही. टाळ्या पडल्या. विश्वस्तांनी आठवड्याच्या आत रद्दीवाल्याला बोलावलं. मग तू बत्तीस वर्षं हातानं लिहिलेली कार्डं, खणांच्या कपाटासकट, टेम्पोत घालून घरी आणलीस आणि तेव्हापासून काका त्या कपाटाला वळसा घालून बाथरूमला जातात. भाषण चांगलं झालं होतं असं माझं मत अजूनही आहे. (पत्र संपेपर्यंत ते टिकतं का, ते आपण दोघं मिळून बघू.)

आता माझ्या कामाविषयी, कारण आई सगळ्यांना ‘तो कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते, जसा काही मी आत अडकलो आहे. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग आणि कारखान्यांना लागणारं सटरफटर विकते. गेल्या वर्षी तिला नवे मालक मिळाले. त्यामुळे एकाच मालाच्या आता तीन याद्या आहेत. नव्या मालकांची आंतरराष्ट्रीय, तिच्यात खिळ्यालाही आठ आकडी क्रमांक असतो. वेबसाइटवर माल विकणाऱ्यांची दुसरी, तिच्यात जे खपतं ते सगळ्यात वर. आणि तिसरी चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरला असलेल्या आमच्या स्टोअरमधली, तिच्याबद्दल पुढे सांगतो. या तिन्ही याद्या एकमेकींना समजतील अशी व्यवस्था करणं हे माझं काम. त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. नाव दातांच्या दवाखान्यासारखं आहे, आणि दुखतंही तेवढंच. यंत्राला आधी सांगायचं की जगात कोणत्या जातीच्या वस्तू आहेत आणि कोणाचं कोणाशी काय नातं आहे; मग न सांगितलेलं ते आपलं आपण ताडतं. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना आपण एवढंच सांगावं की पाहुणे येणार आहेत, आणि त्यांनी लग्नाच्या मुहूर्तापर्यंत पोहोचावं, तसंच. फरक इतकाच की काकू निदान मधे चहा घेतात.

स्टोअरचे प्रमुख राघोत्तमराव. वय एकोणसाठ, कपाळावर गोपीचंदन, घराणं तंजावरचं मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि परतायचं राहून गेलं. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी इंग्रजीत बोललो, त्यांनी मराठीत उत्तर दिलं आणि मला त्यातलं निम्मं कळलं. मला ते तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. (वयानं मी त्यांचा नातू नसलो तरी मुलगा नक्की शोभेन, पण बढती मिळते आहे तर नाही का म्हणा.) अडतीस वर्षं त्यांनी माल लावला तो स्वतःच्या पद्धतीनं. वस्तू कशाची बनली आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही; ती नसली तर काय होईल, यावर कप्पा ठरतो. एका कप्प्याचं नाव ‘लाइन थांबेल’, म्हणजे गिऱ्हाइकाचा कारखानाच बंद पडेल. दुसऱ्याचं ‘दुसरा चालेल’. तिसऱ्याचं ‘मागितल्याशिवाय दाखवू नये’. असे तीनशे चाळीस कप्पे. पहिल्या आठवड्यात मी हसलो, दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात सगळ्यांना सांगून हसवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात कळलं की कंपनीत मागितलेली वस्तू दोन मिनिटांत हातात ठेवणारा हा एकच माणूस आहे.

शेवटचा कप्पा ‘पावसाळी’. त्यात पाण्याचे पंप, त्यांचे स्टार्टर, ताडपत्र्या, गमबूट, मेणबत्त्या, सुती चादरी, बिस्किटांची चाळीस खोकी आणि राघोत्तमरावांची स्वतःची छत्री. दोन हजार पंधराच्या पुरात कंपनीच्या बसेस येऊ शकल्या नाहीत आणि पाळीवरची सत्तर माणसं दोन दिवस स्टोअरच्या माळ्यावर अडकली. खायला एका कामगाराच्या डब्यातला चिंचभात होता, तो सत्तर जणांनी चिमूट चिमूट खाल्ला. पाणी ओसरल्यावर राघोत्तमरावांनी हा कप्पा केला आणि दर वर्षी ऑक्टोबरच्या आधी तो भरतात. हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

मागच्याच्या मागच्या शुक्रवारी तीनशे एकोणचाळीस कप्पे आंतरराष्ट्रीय यादीशी जोडून झाले होते आणि परतीची बस साडेपाचला सुटणार होती. माझा पासवर्ड श्रीपेरुंबुदूरला चालत नाही, म्हणून हे सगळं काम राघोत्तमरावांच्या खुर्चीत, त्यांच्या नावानं उघडलेल्या कॉम्प्युटरवर चाललं होतं. प्रत्येक जोडीपुढे तीन पर्याय येतात: अगदी तेच, त्याचा पोटप्रकार, आणि नुसता संबंध आहे. नंतरचे दोन निवडले की कारण लिहायला चौकोन उघडतो. पहिला निवडला की काही उघडत नाही, बस मिळते. तर पाच वाजून बावीस मिनिटांनी, कोणीतरी, ‘पावसाळी’ म्हणजे आंतरराष्ट्रीय यादीतलं ‘जलरोधक’, अगदी तेच, अशी खूण केली. (कोणी, हा या ठिकाणी गौण प्रश्न आहे.) विक्रीवाल्यांनी त्यांच्याकडचं ‘पोहण्याचं साहित्य’ त्याच ‘जलरोधक’ला तसंच चिकटवून ठेवलं होतं. त्यांनाही बस असते.

यंत्रानं शनिवार-रविवार विचार केला. अगदी तेच म्हणजे दोन्ही बाजूंनी तेच, हे त्यानं मनावर घेतलं. सोमवारी सकाळी स्टोअरला आदेश आला की जलरोधक ते सगळं पावसाळी, म्हणून गाड्यांच्या दारांची अकराशे रबरी पट्ट्यांची बंडलं माळ्यावर चढवा. सहा माणसं दुपारपर्यंत चढवत होती. आणि पावसाळी ते सगळं जलरोधक, जलरोधक माल उघड्यावर ठेवला तरी चालतो, म्हणून माळ्यावर जागा करण्यासाठी बिस्किटांची खोकी अंगणात नेऊन लावा. तीही लावली. राघोत्तमराव त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होते. (खऱ्या.) चारच्या सुमारास पाऊस आला.

इकडे त्याच वेळी माझा साहेब वेंकट नव्या मालकांना प्रात्यक्षिक दाखवत होता. वेंकट माणूस वाईट नाही, त्याला फक्त सगळं काल हवं असतं. मालकांपैकी एकाला पोहण्याची आवड, म्हणून त्यानं कौतुकानं ‘पोहण्याचं साहित्य’ विचारलं. पडद्यावर आलं: पंपाचा स्टार्टर, मेणबत्त्या, सुती चादर, बिस्किटं, एक काळी छत्री (जुनी, दांडा बदललेला). वेंकटनं घाईघाईनं ‘कारण दाखवा’ हे बटण दाबलं. यंत्रानं कारण दाखवलं, तीन पायऱ्यांत, एकही पायरी न चुकता. त्याच दिवशी एका पोहण्याच्या क्लबानं वेबसाइटवरून त्या मेणबत्त्यांची चौकशी केली, आणि पाण्याखाली किती वेळ जळतात हेही विचारलं.

गेल्या मंगळवारी वेंकटनं निकाल दिला. यंत्र बरोबर आहे, आंतरराष्ट्रीय यादी बरोबर आहे, म्हाताऱ्याची यादी अडाणी आहे. या शुक्रवारी ती पूर्ण पुसायची. शिवाय नोंदीत खूण करणाऱ्याचं नाव राघोत्तमरावांचं, म्हणून त्यांना लेखी जाब विचारला. डिसेंबरात ते निवृत्त होतात. अडतीस वर्षांत पहिलंच असं पत्र. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. माझं नाव घेतलं नाही. अंगणातल्या बिस्किटांचा लगदा फावड्यानं भरताना मला एवढंच म्हणाले, “तंबी, पावसांत छत्री लागते. म्हणून छत्री अन् पाऊस एक होतें काय रे?” मी नाही म्हणालो. ते “सरि” (म्हणजे ‘बरं’) म्हणाले आणि पुढचं फावडं भरलं.

तर असं एकूण सगळं ठीक चाललं आहे. घाबरण्यासारखं काही नाही आणि मी घाबरलेलोही नाही. काकांना नमस्कार, कपाटाला (वळसा घालून) नमस्कार.

तुझा,
अनय

ता. क. एक किरकोळ काम होतं. मी चौथीत असताना सुट्टीत तुझ्या टेबलाशी बसून कार्डं लिहायचो, आठवतं? एकाच गोष्टीची दोन नावं असली तर ‘पाहा’, आणि दोन वेगळ्या गोष्टी शेजारच्या असल्या तर ‘हेही पाहा’, असा तुझा नियम. मी लिहिलं होतं, ‘पूर: पाहा: पोहणे’. तू त्यावर लाल शाईनं लिहिलंस की पुरात माणसं पोहायला जात नाहीत, आणि वीस वेळा ‘हेही पाहा’ लिहून घेतलंस. ते कार्ड तू टाकलं नसणार, तू काहीच टाकत नाहीस. ‘प’च्या खणात असेल. हे पत्र एका दिवसात पोहोचणाऱ्या कुरिअरनं येईल; काकांना सांगून कार्ड त्याच कुरिअरनं लगेच पाठव, शुक्रवारी सकाळी पोहोचायला हवं. वेंकटला दाखवायचं आहे की ज्या तिसऱ्या पर्यायाचा चौकोन भरायचा आम्ही कंटाळा केला, तो तू बत्तीस वर्षं हातानं भरत होतीस.

ता. क. दोन. वरचं कारण खरं आहे, पण पूर्ण नाही. वर ‘कोणीतरी’ लिहिलं आहे तिथे माझं नाव वाच. माझी नोकरी पक्की होण्याचं पत्र एक तारखेला येणार आहे, म्हणून आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते. ते कार्ड माझ्या हस्ताक्षरात आहे. ही चूक वीस वर्षांपासून माझीच आहे याचा तो पुरावा आहे, आणि हातात कागद असला की मला बोलता येईल असं वाटलं. भाषणाबद्दलचं मत टिकलं नाही. ते तुला दुसऱ्या परिच्छेदातच कळलं असणार.

ता. क. तीन, बुधवार. पत्र दिवसभर खिशात राहिलं आणि सकाळी बसमध्ये राघोत्तमराव शेजारी येऊन बसले. कुरिअरची वाट बघणं जमलं नाही. दहा वाजता वेंकटला सांगितलं. तो बराच बोलला, माझी पक्की नोकरी सहा महिने पुढे गेली, राघोत्तमरावांचं पत्र मागे घेतलं, आणि यादी राहणार आहे, फक्त तीनशे चाळीस जोड्यांचे चौकोन मी पुन्हा भरायचे, राघोत्तमरावांना विचारून, माझ्या नावानं. तेव्हा कार्ड आता पुरावा म्हणून नको. तरीही पाठव. दुपारी मी त्यांना त्याच्याबद्दल सांगितलं, तर त्यांनी तुझं नाव विचारून घेतलं आणि कार्ड कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं: पावसाळी कप्प्यात, छत्रीच्या शेजारी. आणि आत्या, रविवारी मी फोन करणार आहे.